पहिल्या चिठ्ठीनंतरच्या शंका : सोलापुरातल्या डॉक्टरांना खुलं पत्र

सोलापूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या सर्व डॉक्टर मंडळींना,

सविनय नमस्कार.

पूर्व भागात माझं मेडिकल दुकान आहे. मी फार्मासिस्ट आहे आणि काउंटरवर स्वतः उभी राहते. यंत्रमाग कारखान्यातले कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, शाळेचे युनिफॉर्म शिवणारे कारागीर, रिक्षावाले, पेन्शनीत निघालेले मास्तर असं आमचं गिऱ्हाईक. औषधं विकण्यावर माझं घर चालतं, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं सगळं ते लक्षात ठेवून वाचा.

हे पत्र नव्यानं शुगर निघालेल्या माणसाबद्दल आहे. उपाशीपोटीची साखर १२६ च्या वर, एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) साडेसहाच्या वर, आणि हातात तुमची पहिली चिठ्ठी. तुमच्यासमोरून तो "बरं साहेब" म्हणून उठलेला असतो. माझ्यासमोर आला की चिठ्ठी काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, "अक्का, ही किती दिवस घ्यावी लागतंय?" महिन्याच्या गोळ्या लिहिलेल्या असल्या तरी म्हणतो, "आधी दहाच द्या."

दहाच गोळ्या मागणारा प्रत्येक जण पैशाच्या अडचणीत असतो असं नाही. त्याचं अजून ठरलेलं नसतं. घरी जाऊन चर्चा व्हायची असते. बायको, मेहुणा, कारखान्यातला जोडीदार, सकाळी फिरायला भेटणारी मंडळी, मोबाइलवर आलेले व्हिडिओ, या सगळ्यांचं मत घेतल्यावर तो ठरवणार. त्यातले काही जण दुसऱ्या महिन्यात गोळ्या न्यायला येतच नाहीत. तापाची गोळी न्यायला, नातवाचं सर्दीचं औषध न्यायला मात्र येतात. तेव्हा सहज विचारलं की कळतं, शुगरची गोळी कधीच बंद झालेली असते.

तुमच्यापर्यंत हे पोहोचत नाही. तीन महिन्यांनी तो तुमच्याकडे येतो, साखर होती तशीच किंवा वाढलेली. तुम्ही विचारता, "गोळ्या चालू आहेत ना?" तो "हो" म्हणतो, कारण "नाही" म्हटलं तर बोलणी खावी लागतील. मग तुम्ही पॉवर वाढवता, जोडीला दुसरी गोळी लिहिता. जी गोळी त्यानं घेतलीच नाही, ती कमी पडली असं धरून औषध वाढतं. पुढे एखाद्या दिवशी शेजारच्या कुणाचा पाय कापावा लागल्याचं ऐकून तो घाबरतो आणि लिहिलेलं सगळं एकदम घ्यायला लागतो. वाढवलेलं औषध जसंच्या तसं अंगात गेलं की साखर धाडकन खाली येऊ शकते. मला याची सगळ्यात जास्त भीती वाटते.

म्हणून माझं मागणं असं आहे की पेशंटच्या मनातली शंका पहिल्याच दिवशी, तुमच्याच टेबलासमोर बाहेर काढा. अडाणीपणा म्हणून ती झटकू नका. मी रोज ज्या शंका ऐकते, त्यातल्या बहुतेकींत काहीतरी खरं असतं. त्या खऱ्या भागाला आधी "बरोबर आहे" म्हटलं, तरच पुढचं ऐकून घेतलं जातं.

सर्वांत जास्त ऐकू येते ती किडनीची शंका. "या गोळ्यांनी किडनी जाते म्हणतेत, खरं काय?" ही शंका काही हवेतून आलेली नाही. गल्लीत एखादं तरी उदाहरण असतंच. अमक्याचे काका वर्षानुवर्षं शुगरची गोळी घेत होते, मग किडनीचा रिपोर्ट बिघडला, डॉक्टरांनी ती गोळी ताबडतोब बंद केली, आता आठवड्याला डायलिसिसच्या वाऱ्या चालू आहेत. गल्लीनं त्यातून अर्थ काढला की गोळीनंच किडनी घालवली, नाहीतर डॉक्टरांनी ती बंद कशाला केली असती? खरा क्रम उलटा आहे. मेटफॉर्मिन, म्हणजे बहुतेकांच्या पहिल्या चिठ्ठीत असते ती शुगरची गोळी, किडनीवाटेच शरीराबाहेर पडतं. किडनीचं काम मंदावलं की ते अंगात साचू शकतं आणि क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका असतो. म्हणून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रिपोर्टातला आकडा, ४५ च्या खाली गेला की डोस कमी करायचा विचार होतो आणि ३० च्या खाली ते देतच नाहीत. काकांची किडनी बिघडवली ती इतक्या वर्षांच्या चढलेल्या साखरेनं, आणि बहुतेक वेळा सोबत वाढलेल्या ब्लडप्रेशरनं. त्याचा दोष गोळीला देणं म्हणजे छत्री उघडली म्हणून पाऊस आला असं म्हणण्यासारखं आहे. पण लांबून बघणाऱ्याला हे कसं कळावं? गोळी बंद करताना काकांना आणि त्यांच्या मुलाला कारण नीट सांगितलं गेलं असतं, तर गल्लीत वेगळीच गोष्ट पसरली असती.

या भीतीला जुना इतिहासही आहे. मेटफॉर्मिनच्या जवळच्या नात्यातलं फेनफॉर्मिन १९७० च्या दशकात लॅक्टिक आम्लाच्या त्रासामुळे अनेक देशांत बाजारातून काढून टाकलं गेलं. त्या बदनामीची झळ मेटफॉर्मिनलाही लागली. फ्रान्समध्ये ज्याँ स्टर्न या डॉक्टरांनी १९५७ मध्ये ते डायबेटिसवर चालतं हे दाखवलं, तरी अमेरिकेत परवानगी मिळायला १९९४ साल उजाडलं. म्हणजे ही गोळी शंका घेऊन, चाचण्या घेऊन, उशिरानंच स्वीकारली गेली आहे. शंका घेणाऱ्या पेशंटला हे सांगावं असं मला वाटतं. त्याच्या आधी शहाण्या माणसांनीही शंका घेतली होती आणि तपासून मगच होकार दिला, हे ऐकून त्याला बरं वाटतं. मी काउंटरवर सांगून पाहिलंय.

किडनीच्या शंकेला सर्वांत ठोस उत्तर ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासात आहे. १९७७ साली तो सुरू झाला, नव्यानंच टाइप टू डायबेटिस (मोठ्या वयात सहसा होतो तो) निघालेले ५,१०२ लोक त्यात होते. १९९८ मध्ये निकाल आला. औषधांनी साखर जास्त काटेकोरपणे आवरलेल्या गटात, मुख्यतः पथ्यावर ठेवलेल्या गटापेक्षा, डोळे आणि किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांचे बिघाड सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखीच झाली. तरीही सुरुवातीची वर्षं साखर ताब्यात ठेवलेल्यांना पुढची दहा वर्षं त्याचा फायदा मिळत राहिला, हार्ट अटॅकसुद्धा कमी आले, असं २००८ मध्ये दिसलं. हे तुम्ही कॉलेजात शिकलेला आहात, मी काय सांगणार! पण "मला काहीच होत नाही, मग आत्तापासून गोळी कशाला, त्रास झाल्यावर बघू" असं जो म्हणतो, त्याला नेमकं हेच सांगायला हवं. त्रास व्हायच्या आधीचीच वर्षं मोलाची आहेत आणि ती नंतर विकत मिळत नाहीत.

आता पोटाचं. हा त्रास खराच होतो. गॅस, मळमळ, जुलाब. कुंभारीच्या घरकुलातून माझ्याकडे एक बाई यायची. सकाळी सूप मांडीवर घेऊन बसायचं आणि हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय उठायचं नाही, असा तिचा दिवस. चिठ्ठीत पहिल्याच दिवसापासून हजार पॉवरची मेटफॉर्मिन, दोन वेळा. चौथ्या दिवशी ती उरलेल्या गोळ्या परत घेऊन आली. "सारखं उठावं लागायलंय अक्का, विड्या होत नाहीत." विड्या कमी भरल्या की मजुरी कमी. तिच्यापुढे एका बाजूला वीस वर्षांनंतरची किडनी होती आणि दुसऱ्या बाजूला या शनिवारचा पगार. तिनं पगार निवडला. हीच गोळी ५०० ची, एकदा, जेवणाबरोबर सुरू करून आठवड्या-आठवड्यानं वाढवली असती किंवा सावकाश विरघळणारी दिली असती, तर तिला ती बहुधा सोसली असती. बहुतेकांचं पोट काही आठवड्यांत सरावतं. हे तिला आधी माहीत असतं तर तिनं चार दिवसांऐवजी चौदा दिवस धीर धरला असता.

सावकाश विरघळणाऱ्या गोळीची आणखी एक तक्रार येते, ती कदाचित तुमच्या कानावर आली नसेल. शौचाला गोळीसारखं काहीतरी अख्खं पडतं. "गोळी जशीच्या तशी बाहेर येतंय, पैसे पाण्यात गेले." ते नुसतं वरचं कवच असतं, औषध आत उतरलेलं असतं. काही जण मग ती गोळी कुटून घेतात, आणि सावकाश सुटायचं औषध एकदम पोटात जातं. पाकीट फोडलं की माशासारखा वास येतो, म्हणून गोळी खराब निघाली असं समजून ती टाकून देणारेही आहेत. मेटफॉर्मिनला तसा वास असतोच. एका वाक्यानं सुटणाऱ्या या गोष्टी आहेत आणि त्यापायी लोक औषध सोडतात.

रात्रपाळीचं मात्र एका वाक्यात सुटत नाही. आमच्या भागातल्या एका माग कामगाराला मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड दिलेलं होतं. चिठ्ठीवर लिहिलेलं, "सकाळी नाश्त्याआधी". तो सकाळी कारखान्यातून सुटायचा, घरी येऊन गोळी घ्यायचा आणि तसाच झोपायचा, कारण त्याची सकाळ म्हणजे झोपायची वेळ. जेवण दुपारी उठल्यावर. एके दिवशी त्याची बायको धावत दुकानात आली. माणूस घामानं निथळतोय, हात थरथरतायत, काहीबाही बोलतोय. ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून पाजली, थोड्या वेळानं तो शुद्धीवर आल्यासारखा बोलायला लागला आणि मग त्याला दवाखान्यात नेलं. त्यानंतर तो म्हणाला, "ती गोळी नको. तिनं मी मेलो असतो." त्याचं बरोबर होतं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पोटात अन्न आहे की नाही, याची ते वाट बघत नाही. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर अशी सहसा खाली जात नाही, कारण ते मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर आवरतं. पण पेशंटच्या लेखी दोन्ही "शुगरच्या गोळ्या". त्यानं दोन्ही सोडल्या.

त्याला कोणी विचारलंच नव्हतं, तुम्ही जेवता कधी? पाळी कुठली? सोलापुरात हा प्रश्न पहिला विचारायला हवा. एकादशीला उपास असतो का, श्रावणात एकवेळ जेवता का, रमजानचे रोजे धरता का, वारीला पायी जाता का? रोजे धरणारे आणि उपास करणारे डॉक्टरांना न विचारता आपापला हिशेब लावतात. कोणी गोळी बंद करतं, कोणी गोळी घेऊन उपाशी राहतं. उपास करू नका एवढं सांगून हा प्रश्न मिटत नाही, कारण उपास होणारच असतो. त्या दिवसांत कुठली गोळी कधी घ्यायची, हे तुम्हीच लिहून द्यायला हवं.

याच्यातच एक बारकावा आहे. तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या हल्ली पुष्कळ लिहिल्या जातात, आणि त्यात व्होग्लिबोज असलं तर साखर खाली गेल्यावर घरातली साखर किंवा पेढा खाऊन लवकर उतार पडत नाही. व्होग्लिबोज त्या साखरेचं पचनच मंद करतं. तिथे ग्लुकोजच लागतं. हे कितीजणांच्या घरात माहीत आहे? अशी चिठ्ठी आली की मी ग्लुकोजचा पुडा शेजारी ठेवते आणि का ते सांगते. काहींना वाटतं, गल्ला वाढवायला ठेवलाय. तेच तुमच्या तोंडून आलं तर तसं वाटणार नाही.

बायकांबद्दल लिहायला हवं, कारण हे तुम्हाला कोणी सांगत नाही. दुकानात पुरुष गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या येतात आणि हळू आवाजात खाजेची क्रीम मागतात. चिठ्ठी बघितली की त्यात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असतं. ही औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे त्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. हृदयाला आणि किडनीला या गोळ्यांचा चांगला उपयोग होतो, म्हणूनच तुम्ही त्या लिहिता. पण घरातल्या सासूलासुद्धा जे सांगता येत नाही, ते ती बाई पुरुष डॉक्टरला कुठून सांगणार? ती मुकाट्यानं गोळी सोडते. स्वच्छता कशी ठेवायची आणि असं झालं तर साध्या औषधानं बरं होतं, हे लिहिताना आधीच सांगा. तुम्हाला संकोच वाटत असेल तर सिस्टरना सांगायला लावा. आणि जुलाब-उलट्या लागल्या, खाणंपिणं तुटलं तर ही गोळी थांबवून तुम्हाला विचारायचं, हेसुद्धा सांगा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो, उन्हात काम करणाऱ्याच्या अंगातलं पाणी असंच आटलेलं असतं.

"एकदा चालू केली की मरेपर्यंत सुटत नाही" ही शंका सर्वांत खोल आहे. किडनीचं बोलतात ते बहुतेक यालाच घाबरलेले असतात. चाळिशीच्या माणसाला "आता हे आयुष्यभर" असं सांगितलं की त्याला ती शिक्षा वाटते, आणि शिक्षा जितकी पुढे ढकलता येईल तितकी तो ढकलतो. गोळीची सवय लागत नाही. आजार टिकतो म्हणून गोळी टिकते, हे खरं. पण "आयुष्यभर" हेही सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही, आणि तुम्ही ते सांगितलं नाही तर व्हिडिओवाले सांगतात, तेही अर्धवट. ब्रिटनमधल्याच डायरेक्ट नावाच्या चाचणीचे निकाल २०१७ च्या शेवटी आले. डायबेटिस निघून सहा वर्षांच्या आतले, वजन जास्त असलेले, इन्सुलिनवर नसलेले लोक. त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरीचाच मोजून आहार दिला. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होती. ज्यांचं वजन जास्त उतरलं त्यांचं प्रमाण जास्त. पुढच्या वर्षांत ज्यांचं वजन परत वाढलं, त्यातल्या अनेकांचा डायबेटिसही परत आला. शिवाय तिथे औषधं थांबवली होती ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तपासण्या चालू ठेवून. व्हिडिओत ४६ टक्के तेवढे असतात, देखरेख नसते.

पहिल्या दिवशी पेशंटला असं सांगता येईल: आत्ता गोळी सुरू करू, सोबत वजन आणि खाणं यावर काम करू, तीन महिन्यांनी एचबीए१सी बघू. वजन चांगलं उतरलं, रिपोर्ट सुधारला तर मी स्वतःच गोळी कमी करेन, कदाचित थांबवेनही, पण तुम्ही आपल्या मनानं थांबवू नका. "आयुष्यभर" ऐकून उठलेला माणूस आणि हे ऐकून उठलेला माणूस, दोघे माझ्या काउंटरवर वेगळे दिसतात. दुसरा महिन्याच्या गोळ्या नेतो.

खाण्यावरून आठवलं. "आम्ही चपाती खातच नाही, ज्वारीची भाकरीच खातो, मग शुगर कशी?" असं मोठ्या विश्वासानं विचारणारे आपल्या जिल्ह्यात ढिगानं आहेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा अभिमान मलाही आहे. पण भाकरीतही पिष्टच असतं, आणि चार कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर मोडून खाल्ल्या की साखर चढायची ती चढतेच. भाकरी चांगली, पण किती, हे सांगणारं कोणी नाही.

काढे, चूर्णं, जांभळाच्या बिया, कारल्याचा रस. रिक्षाच्या मागे, भिंतीवर, मोबाइलवर "शुगर मुळापासून बरी" अशा जाहिराती असतात. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ चा आहे आणि डायबेटिस बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातीला त्यात मनाई आहे, तरी त्या चालूच. अशा पुड्यांमध्ये साखर उतरवणारी ॲलोपॅथीची औषधं मिसळलेली सापडल्याची प्रकरणं वेगवेगळ्या देशांत नोंदली गेली आहेत. पुडीनं साखर उतरली की पेशंटला वाटतं चूर्ण लागू पडलं. पण तुम्ही यावर रागावलात तर तो चूर्ण सोडत नाही, तुम्हाला सांगणं सोडतो. मग तुमची गोळी आणि त्याची पुडी दोन्ही पोटात, आणि नेमकं काय चाललंय हे कुणालाच माहीत नाही. "आणखी काय घेता? माझ्याकडे आणून दाखवा, मी रागावणार नाही," एवढं म्हणून बघा. गोळी म्हणजे रसायन आणि झाडपाला म्हणजे निर्धोक, असं म्हणणाऱ्याला मी सांगते की मेटफॉर्मिनचं मूळसुद्धा युरोपातल्या गॅलेगा नावाच्या एका रोपात आहे. त्या रोपातलं मूळ द्रव्य माणसाला फार विषारी ठरत होतं, म्हणून त्याच धाटणीचं सोसवेल असं औषध शोधून मापात बसवायला इतकी वर्षं लागली.

पैशाची शंका उघडपणे बोलली जात नाही. "कंपनीवाले आणि डॉक्टर मिळून चालवतेत" असं पाठीमागे बोलतात. मेटफॉर्मिनच्या बाबतीत हे टिकत नाही. ते इतकं जुनं आणि स्वस्त आहे की साध्या गोळीचा दिवसाचा खर्च कपभर चहापेक्षा कमी पडतो. पण चिठ्ठीत चार महागड्या गोळ्या असल्या आणि एकीचंही कारण सांगितलेलं नसलं, तर संशय येणारच. कुठली गोळी कशासाठी, हे गोळीसमोर दोन शब्दांत लिहिलंत तर तो निम्मा जाईल. जुन्या पेशंटच्या चिठ्ठ्याही एकदा खर्चाच्या नजरेनं बघा. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, सिटाग्लिप्टिन या शुगरच्याच आणखी एका गोळीचं २०२२ मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये. किमती खाली आल्यात, पण काही लोक अजून जुनाच महाग ब्रँड नेतायत, कारण चिठ्ठीवर तो आहे. जनऔषधी केंद्रातली गोळी म्हणजे डुप्लिकेट, हा समज घालवायला माझा शब्द उपयोगाचा नाही, कारण मी दुकानदार. तुमचा शब्द चालेल.

आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्याचं बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, शुगरमुळेच असेल म्हणून सोडून दिलं जातं. मांसमच्छी न खाणाऱ्यांत तर आधीच ते कमी असतं. मधून मधून ही तपासणी लिहा.

तुमच्याकडे वेळ नाही, हे मला माहीत आहे. सिव्हिलच्या ओपीडीची रांग मी पाहिलेली आहे. २०२३ मध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानं देशात डायबेटिसचे १० कोटी १० लाख लोक असल्याचा अंदाज दिला. एवढ्या लोकांना प्रत्येकी अर्धा तास कोण देणार? मी फक्त पहिल्या भेटीत थोडा जास्त वेळ मागतेय, आणि तोही तुम्हीच दिला पाहिजे असं नाही. सिस्टर, आशाताई, शिकाऊ डॉक्टर यांच्यावरही सोपवता येईल. वैशंपायन मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या सरांना आणि मॅडमना माझी विनंती आहे की मुलांना डोस शिकवता तसंच हेही शिकवा: "गोळी चालू आहे ना?" या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही. "गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली? राहते बऱ्याचजणांची," असं विचारलं की मिळतं. मराठी न कळणाऱ्या तेलुगू किंवा कन्नड आजीबाई समोर असल्या, तर सोबतच्या नातवाला सांगून भागवू नका, त्यांच्या भाषेत बोलणारं कोणीतरी ओपीडीत बसवा. या शहरात असं माणूस मिळणं अवघड नाही.

आम्हा औषध दुकानदारांकडूनही काही मागा. नवीन पेशंट दुसऱ्या महिन्यात गोळ्या न्यायला आला नाही तर ते आम्हाला दिसतं. त्याची परवानगी घेऊन आम्ही त्याला फोन करू शकतो, तुम्हाला कळवू शकतो. माझ्या दुकानापुरतं मी हे करायला तयार आहे, आणि आजूबाजूच्या दुकानदारांशीही बोलले आहे.

तोपर्यंत एक गोष्ट उद्यापासून करता येईल. नव्या पेशंटच्या चिठ्ठीवर सगळ्यांत खाली, वाचता येईल अशा अक्षरात लिहा: "काही त्रास झाला किंवा शंका आली, तर गोळी बंद करण्याआधी या नंबरवर फोन करा." आणि पुढे उचलला जाईल असा नंबर द्या.

आपली,
एक फार्मासिस्ट,
पूर्व भाग, सोलापूर